सोलरचे डीसी-एसी बॉक्स कुठे बसवावेत? (३ किलोवॅट, भुसावळ)

कपाशीवाला
नमस्कार मंडळी. सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट घेतोय, ५४० वॅटचे ६ पॅनल. स्ट्रक्चर उभं राहिलं, परवा वायरिंग. फिटिंगवाला म्हणतो, इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा) आणि दोन्ही बॉक्स (डीसी वायरींचा डीसीडीबी, एसी वायरींचा एसीडीबी) पश्चिमेच्या कठड्याला ठोकतो, वायर कमी लागेल. त्या कठड्याला मेमध्ये दुपारी हात लागत नाही. दुसरी जागा गच्चीवरची जिन्याची खोली, तिसरी खाली पोर्चमध्ये मीटरशेजारी. जादा वायर-पाइपसाठी ४ हजार आहेत, त्यावर रुपया नाही. कुठे लावू?

रावेरचा_केळीवाला
४ हजारांत काय होतं भाऊ? मी ५ किलोवॅट बसवलं तेव्हा इन्व्हर्टरला वेगळी खोलीच बांधली. टाइल्स, एक्झॉस्ट फॅन, सगळं. पाहुणे आले की आधी तीच दाखवतो. एकदाच खर्च करा.

यावल_वायरमन
कठडा नकोच. एमसीबी म्हणजे करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच, त्याचं रेटिंग ३० अंशाला धरलेलं असतं. आपल्याकडे बाहेर ४५, आणि उन्हातल्या बंद डब्यात त्याहून पुष्कळ जास्त. ३ किलोवॅटला एसीचे १३ अँपिअर वाहतात. १६ चा एमसीबी तापून भर दुपारी पडतो आणि लोक सोलरला नावं ठेवतात. इन्व्हर्टरही तापला की आपणहून पॉवर कमी करतो. सावली, चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा, बस.

चोपडा_एक्स्प्रेस
माझाही दुपारी पडायचा. फिटरने २५ चा लावून दिला, तेव्हापासून निवांत.

यावल_वायरमन
दादा, एमसीबी वायर वाचवायला असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, आता वायर तापेल ती गुपचूप. खोलून बघा.

चोपडा_एक्स्प्रेस
दोन वर्षं झाली, काही झालं नाही.

धुळ्याची_वहिनी
आमचं सांगते. डबा आयपी ६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा, पण फिटिंगवाल्याने वरून भोक पाडून वायर घातली. पहिल्याच पावसात पाणी वायरीवरून ओघळत आत. उघडला तर पट्टी हिरवी पडलेली, आणि एमसीबीला चिकटून वाळलेली पाल. आमचे हे म्हणतात, "पालबी गयी, एमसीबीबी गया." डबा कुठेही लावा, पण वायर खालूनच घ्या, ग्लँड (भोकात वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) आवळून. रिकामं भोकही बुजवा, मुंग्या तिथूनच शिरतात.

शिरपूरकर
वानरांचं कोणी बोलेना! आमच्याकडे पाइप धरून झोके घेतले, क्लॅम्पसकट खाली. म्हणून खाली पोर्चमध्येच लावा.

यावल_वायरमन
पोर्चही चांगला. सहा पॅनल सिरीजमध्ये म्हणजे लोड नसताना जवळपास ३०० व्होल्ट डीसी, १५-२० मीटर खाली आणलं तरी ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत नुकसान किरकोळ. डीसी पाइप मात्र वेगळा, एसीसोबत नको. अर्थिंग तीन: डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टरची (पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा).

रावेरचा_केळीवाला
अर्थिंगला मी तांब्याच्या प्लेट टाकल्या. खोलीच्या मागेच.

अमळनेर_पोस्ट
तीन अर्थिंग म्हणजे फिटरांचा धंदा. घराची आहे की एक.

यावल_वायरमन
वीज पडली की घराच्या अर्थिंगवरून टीव्ही-फ्रिजकडे जाऊ द्यायची का? असो, धागा बॉक्सचा आहे.

शहाद्याचा_शाम
जिन्याची खोली बेस्ट. वरच्यांनीही सावलीच सांगितली. ऊन नाही, पाऊस नाही, वानर नाही. ठरवून टाका.

कपाशीवाला
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं. जिन्याच्या खोलीत नानांचा दोन क्विंटल कापूस आहे, भाव येईल म्हणून ठेवलेला. वर आईच्या गोधड्या.

यावल_वायरमन
मग हे आधी सांगायचं ना भाऊ! एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीचा येत नाही, कनेक्शन ढिलं राहिलं की जाळ पेटतच राहतो. आणि लाइट गेली, मेन बंद केला, तरी ऊन आहे तोवर पॅनलकडून येणारी वायर जिवंतच. कापसाशेजारी डीसीडीबी? कापूस विका, नाहीतर पोर्च.

धुळ्याची_वहिनी
कापूस विका.

शहाद्याचा_शाम
मीही तेच म्हणणार होतो. कापूस विका.

कपाशीवाला
नानांशी बोलून बघतो म्हटलं, बोललो. त्या विषयावर घरात दोन दिवस शांतता आहे. पोर्चमध्ये त्यांची बाज, शिवाय भाऊची दोन पोरं दिसेल ते बटण दाबतात. जिन्याच्या खोलीची उत्तरेकडची भिंत, बाहेरून कशी?

चोपडा_एक्स्प्रेस
उत्तरेच्या भिंतीला ऊन येतच नाही. लावा बिनधास्त.

शंकासूर
येतं. आपण २१ अक्षांशावर. २५-२६ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर, शून्य सावली. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारीही तो किंचित उत्तरेकडून जातो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तिरपा भिंतीवर येतो. म्हणजे ऐन नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, उत्तरेची भिंत उन्हात.

अमळनेर_पोस्ट
पंचांग उघडलं यांनी.

कपाशीवाला
(पाच दिवसांनी) झालं काम. उत्तरेच्या भिंतीलाच लावलं, शंकासूरने ऊन येतं म्हटलं होतं तरी. वर दीड फूट पुढे पत्र्याची टोपी, वायव्येकडून एक आडवा पत्रा. पत्रे भिंतीपासून चार बोटं सुटे, वारा खेळायला. वायरी खालून, ग्लँड मी स्वतः हाताने आवळून पाहिले, एक ढिला निघाला. वायर, पाइप, पत्रे मिळून ३,८५०. कापूस आहे तिथेच आहे. शंकासूर, २५ मेला दुपारी साडेबाराला फोटो टाकतो.

रावेरचा_केळीवाला
मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, खोली बांधा.