मदत हवी आहे : बेळगाव परिसरात हॉट हॅच गाड्यांच्या भेटीसाठी जागा

माझ्याकडे १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आहे, म्हणजे हॉट हॅच : दिसायला छोटी हॅचबॅक, पण इंजिन जोरदार. तिच्यावरचे अबार्थचे विंचवाचे बोधचिन्ह पाहून पेट्रोल पंपावर अनोळखी माणसेही आपुलकीने चौकशी करतात, आणि त्यातूनच केए-२२ (बेळगाव) व एमएच-०९ (कोल्हापूर) क्रमांकांच्या अशा गाड्या बाळगणाऱ्या आठ-दहा जणांशी जुळलेली मैत्री मला गाडीइतकीच मोलाची वाटते. आता एका रविवारी सकाळी सर्वांनी जमायचे ठरले आहे. महामार्गावरील हॉटेलांत विचारले. बघ्यांची गर्दी होईल म्हणून त्यांनी नकार दिला. चोर्ला घाट नको, शर्यत तर मुळीच नाही. खानापूर ते निपाणी या पट्ट्यात, गाडी खालून टेकणार नाही अशा रस्त्यालगत, दोन-तीन तास थांबू देणारी जागा कोणती, आणि पोलिसांना आधी कळवावे लागते का?