बॉब कूझी: चिठ्ठीत निघालेला पॉइंट गार्ड

सई (बी ५०२): बास्केटबॉलवाले जागे आहेत का? चिरंजीवांना शाळेत एका पॉइंट गार्डवर, म्हणजे चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ रचणाऱ्या खेळाडूवर, लिहून न्यायचंय. अख्खा वर्ग हल्लीच्या स्टेफ करीवर लिहिणार. जुनं कोणी सुचवा.

मंदार (सी ३०४): बॉब कूझी, बोस्टन सेल्टिक्स संघाचा. डोळे झाकून.

देशपांडे काका (ए १०१): हा कोण? आम्ही मॅजिक जॉन्सनपर्यंतच.

मंदार: मॅजिक १९७९ चा, हा १९५० चा. पाठीमागून ड्रिबल, न बघता पास, हे सगळं एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, यानेच लोकप्रिय केलं. वडील फ्रान्सहून आलेले, न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवायचे. लहानपणी झाडावरून पडून याचा उजवा हात मोडला, म्हणून डाव्या हाताने खेळायला शिकला.

सई: हे भारी आहे! पुढे?

मंदार: कॉलेजही बोस्टनजवळचंच, होली क्रॉस. लोकांना तो सेल्टिक्समध्ये हवा होता, पण कोच रेड ऑरबाकनी ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तिथे) घेतलाच नाही. फिरत फिरत शिकागो स्टॅग्ज संघाकडे गेला, तर तो संघच बंद पडला. त्याच्या उरलेल्या तीन खेळाडूंच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांना दुसराच हवा होता, निघाला कूझी!

देशपांडे काका: आपल्या पार्किंगच्या सोडतीसारखंच की. फक्त आमची चिठ्ठी गटाराशेजारची निघाली.

सेक्रेटरी: काका, तो विषय एजीएममध्ये.

नीता मावशी (ए ६०३): नुसत्या करामती की काही जिंकलाही?

मंदार: ६ विजेतेपदं, १९५७ चा एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू), सलग ८ मोसम असिस्टमध्ये, म्हणजे बास्केट करून देणाऱ्या पासमध्ये, पहिला. पण खरं सांगायचं तर १९५६ च्या शेवटी उंचापुरा बिल रसेल संघात येईपर्यंत एकही विजेतेपद नव्हतं. रसेलने रिबाउंड (हुकलेल्या नेमाचा चेंडू) घेऊन चेंडू बाहेर काढायचा आणि कूझीने पळत सुटायचं, तिथून गाडी रुळावर आली. नेमबाजी तर यथातथाच, कारकिर्दीत ३७.५ टक्के. भक्तमंडळी हे सांगत नाहीत.

नीता मावशी: माणूस कसा होता?

मंदार: अमेरिकेतल्या रॅली शहरात हॉटेलने संघातल्या चक कूपरला कृष्णवर्णीय म्हणून खोली नाकारली, तेव्हा हाही त्याच्याबरोबर रात्रीच्या ट्रेनने निघाला. १९५४ मध्ये खेळाडूंची युनियनही यानेच उभी केली.

सेक्रेटरी: युनियनचा भाग शाळेपुरताच ठेवा 😄

सई: एखादा गाजलेला सामना?

मंदार: २१ मार्च १९५३, प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी), समोर सिरॅक्यूजचा संघ. बरोबरी सुटेना म्हणून चार ओव्हरटाइम (जादा वेळ) झाले. कूझीचे ५० गुण, त्यातले ३० फ्री थ्रोवर, म्हणजे समोरच्याने फाउल केल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या नेमावर. ३२ पैकी ३०!

देशपांडे काका: म्हणजे पास देणाऱ्याचा सगळ्यात गाजलेला सामना फ्री थ्रोचा? आणि एवढे फाउल? हा खेळ की मारामारी?

मंदार: बरोबर पकडलंत काका. आघाडी मिळाली की चेंडू धरून बसायचं, मग समोरच्यांनी मुद्दाम फाउल करायचा, असंच चालायचं. बघणारे कंटाळायचे. म्हणून १९५४ पासून २४ सेकंदांचं घड्याळ आलं (तेवढ्या वेळात बास्केटवर नेम मारायलाच हवा), आणि एका क्वार्टरमध्ये संघाने किती फाउल करायचे त्यालाही मर्यादा आली. कूझीचा पळता खेळ त्यानंतर आणखी खुलला.

सई: घड्याळाचा वेगळा परिच्छेद टाकते. आता कोणाकडे चार्ट पेपर आहे का? उद्याच द्यायचंय हे आत्ता कळतंय 🤦‍♀️

नीता मावशी: पिवळा आहे. पाठव त्याला वर.