मांजर घरातच ठेवावे की मोकळे सोडावे?

जाईजुई

आम्ही पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो आणि सध्या घरात दोन भाट्या, म्हणजे मांजरी, आहेत. दोघींपैकी एकीनेही गेल्या तीन वर्षांत दाराचा उंबरठा ओलांडलेला नाही. यावरून नातेवाइकांपासून सोसायटीतल्या मंडळींपर्यंत अनेकांनी मला ‘मुक्या जनावराला कोंडून ठेवलेस’ असे सुनावले आहे. तरीही शहरातले मांजर घरातच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. ते कशामुळे झाले, हे आधी सांगते.

गोट्या नावाचा आमचा बोका दिवसातून दोनदा जिन्याने खाली जाऊन यायचा. पार्किंगमध्ये घुशींचा उपद्रव वाढल्यामुळे तिथे विषाच्या वड्या ठेवल्या होत्या, पण त्याची सूचना कुठेच लावलेली नव्हती. एका गुरुवारी गोट्या जेवला नाही. शुक्रवारी सकाळी पांघरुणावर त्याच्या नाकातून पडलेले रक्ताचे दोन थेंब दिसले, आणि मी त्याचा ओठ वर करून पाहिला तेव्हा एरवी गुलाबी असणारी हिरडी कागदासारखी पांढरी पडली होती. ब्रोमाडायोलोनसारखी ही विषे रक्त गोठवण्यासाठी लागणारे के जीवनसत्त्व शरीराला पुन्हा वापरू देत नाहीत. आधीचा साठा संपेपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते पाच दिवस, जनावर ठणठणीत दिसते आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराने खाल्ला, तरी ते विष मांजराच्या पोटात जाऊ शकते. के१ जीवनसत्त्वाचे औषध वेळेवर मिळाले तर मांजर वाचते, परंतु आमची वेळ टळून गेली होती.

हा प्रसंग अपवादात्मक आहे असे मला वाटत नाही. पावसाळ्यात उबेसाठी मांजरे गाडीच्या बॉनेटखाली शिरतात, बोक्यांच्या मारामारीत झालेल्या जखमांमध्ये पू होतो, आणि रस्त्यांविषयी तर वेगळे सांगायला नको. खाली सोडलेले मांजर आपल्या माघारी कोणाच्या हाती, कोणत्या चाकाखाली सापडेल, यावर आपला काडीचाही ताबा नसतो. मग त्याला ‘पाळलेले’ कशाच्या जोरावर म्हणायचे?

पोफळी

ताई, गोट्याविषयी वाचून फार वाईट वाटले. परंतु चूक विष ठेवून सूचना न लावणाऱ्यांची होती. तिची शिक्षा सगळ्या मांजरांना कशासाठी?

मी दापोली तालुक्यातली. आमच्या घराला पडवी आहे, मागे माडा-पोफळीची वाडी आहे आणि ठमी नावाची नऊ वर्षांची भाटी आहे. आमच्याकडे मांजर हे लाड करण्यापुरते नसते. उंदीर माडावर चढून कोवळी फळे पोखरतात, भाताची कणगी फोडतात, आणि उंदरांच्या मागावर घोणस आणि नाग थेट न्हाणीघरापर्यंत येतात. ठमी आली त्या वर्षापासून कणगीखाली भाताच्या तुसांचा ढीग मी पाहिलेला नाही. सकाळी ती चुलीच्या वैलापाशी अंग शेकत बसते, उन्हे आली की पडवीच्या कठड्यावर येते, मग वाडीत एक फेरी मारून माशांच्या डोक्यांच्या वेळेला बरोबर मागच्या दारी हजर होते. दिवसाचे हे वेळापत्रक तिचे तिने ठरवलेले आहे.

मोकळे सोडणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. सहा महिन्यांची असतानाच मी तिचे ऑपरेशन करून घेतले, कारण मांजर जेमतेम दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा वेत होऊ शकते. पिल्ले पोत्यात घालून बाजारात नेऊन सोडायची हे मला पाहवत नाही. रेबीजची लस दर वर्षी होते. आमच्याकडे बिबट्याचा वावर असल्यामुळे दिवेलागणीला मी तिला हाक मारते आणि ती आत आली की माजघराचे दार लावून घेते. कुत्रा माणसाचा असतो आणि मांजर घराचे असते, असे आमच्याकडे म्हणतात. त्या घरात अंगण आणि वाडीही आली. दोन खोल्यांत जन्म काढणारे मांजर सुरक्षित असेल, पण ते मांजर म्हणून जगते का, याचा विचार व्हावा.

तळमजला

माझ्याकडे मांजर नाही, पण मोकळ्या मांजरांचा त्रास मात्र मला होतो. आमच्या तळमजल्याच्या बागेतल्या कुंड्या उकरून मांजरे त्यात घाण करतात, स्कूटरच्या सीटवर नखे चालवतात आणि बोक्यांची रात्रीची भांडणे झोप उडवतात. माझी सून गरोदर आहे आणि मांजराच्या विष्ठेतून होणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाविषयी डॉक्टरांनी तिला सावध केले आहे. मांजर तुमचे आहे, तर त्याची घाणही तुमच्याच घरात राहायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसरी खिडकी

‘घरात ठेवले म्हणजे सुरक्षित’ हे जितक्या सहजपणे म्हटले जाते, तितके ते खरे नाही. माझा बोका लहानपणापासून मुंबईच्या फ्लॅटमध्येच वाढला. चौथ्या वर्षी त्याचे वजन साडेसात किलो झाले होते, तो दिवसभर एकाच उशीवर पडून असायचा, आणि एका रात्री तो मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन नुसता कुंथत बसू लागला. मला बद्धकोष्ठ वाटले. प्रत्यक्षात त्याची लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. तो पूर्ण बंद झाला तर रक्तातले पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकते. पहाटे चारला नळी घालून त्याला वाचवले. स्थूलपणा, हालचालीचा अभाव, कमी पाणी पिणे आणि कंटाळ्यातून येणारा ताण ही या दुखण्याची ठळक कारणे आहेत, आणि ही चारही कारणे बंद घराने त्याला दिली होती.

खाण्याचेही तसेच आहे. शुद्ध शाकाहारी घरांत मांजराला वर्षानुवर्षे दूधपोळी आणि दहीभात घालतात. मांजर संपूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा घटक त्याला प्राणिज आहारातूनच मिळतो आणि तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू निकामी होतात. मोकळे मांजर ही उणीव उंदीर मारून भरून काढते. दार बंद केलेत की त्याच्या पोटाची शंभर टक्के जबाबदारी तुमची, आणि मग घरात अंडे-मासे आणणार नाही असे म्हणून चालत नाही.

उंचावरून पडण्याचा धोकाही घरातल्याच मांजरांना असतो. न्यूयॉर्कमधल्या एका प्राणी रुग्णालयाने इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ साली प्रसिद्ध केली. त्यांतली सुमारे ९० टक्के वाचली. ‘मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवरच उतरते’ असे सांगणारे हाच आकडा पुढे करतात, पण जागीच मेलेली मांजरे रुग्णालयात आणलीच जात नाहीत, हे ते विसरतात.

चंडोल

मी जर्मनीत वाल्डोर्फला नोकरीनिमित्त राहतो. इथे हा प्रश्न नगरापुढे प्रत्यक्ष येऊन ठेपला होता, म्हणून लिहीत आहे. तुरेवाला चंडोल हा पक्षी जमिनीवर घरटे करतो आणि पश्चिम युरोपात तो झपाट्याने कमी होत आहे. मे २०२२ मध्ये प्रशासनाने गावाच्या दक्षिण भागातली मांजरे ऑगस्टअखेरपर्यंत घरात ठेवण्याचा आदेश काढला. बाहेर न्यायचे असेल तर दोरी बांधून न्यावे, असे त्यात म्हटले होते. शेजाऱ्यांमध्ये उभा वाद झाला.

आमची मांजर तेव्हा सहा वर्षांची होती आणि रोज बाहेर जाणारी होती. पहिले दहा दिवस ती पहाटे चारपासून दारापाशी बसून अशा आवाजात ओरडायची, की एकदा मीच कुलूप काढायला उठलो होतो. जन्मापासून घरात वाढलेले मांजर आणि बाहेरची चव घेतलेले मांजर यांना एकच नियम लावता येत नाही, हे मी त्या दिवसांत शिकलो. तरीही मी तो आदेश पाळला. उडता न येणारी पिल्ले जमिनीवर बसलेली असतात, त्यांना पळून जायला जागाच नसते. अमेरिकेत मोकळी मांजरे दर वर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ साली शास्त्रज्ञांनी मांडला. त्यातला मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा आहे हे खरे, पण ती मांजरेही कधीतरी कोणाच्या तरी घरातूनच बाहेर पडलेली असतात. पोफळीताई, तुमच्या वाडीत शिंजीर आणि बुलबुल घरटी करत असतील. ठमी फक्त उंदीरच धरते, असे तुम्ही खात्रीने सांगू शकता का?

पोफळी

खोटे बोलणार नाही. सापसुरळ्या तर ती पुष्कळ आणते, आणि मागच्या चैत्रात तिने दयाळाचे एक पिल्लू आणून माझ्या पायाशी ठेवले होते. त्याची छाती अजून उडत होती. हातात घेतले तेव्हा ते शेंगेएवढेही जड लागले नाही, आणि पाणी आणेपर्यंत संपले. त्यानंतर घरट्यांच्या दिवसांत मी तिला पहाटे न सोडता उन्हे वर आल्यावर सोडते. याहून अधिक मला जमणार नाही. वाडीत विषाची गोळी ठेवली तर उंदीर खाऊन घुबडेही मरतील. त्यापेक्षा मांजर मला बरे वाटते.

जाईजुई

तिसरी खिडकी, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवे होते. दार बंद करणे हे काम निम्मेही नाही. आमच्याकडे गॅलरीला आधी कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी होती. धाकटीने दोन महिन्यांत कोपरा कुरतडला, तेव्हा स्टीलची बसवून घेतली. भिंतीवर चढत्या फळ्या लावल्या, ट्रे दोघींसाठी तीन ठेवले, आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे दोरीला पीस बांधून त्यांना धावायला लावायचे हे देवापुढे दिवा लावण्याइतके नेमाने होते. लसही चुकवत नाही, कारण पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्या चपलांवरून घरात येऊ शकतो.

तळमजला यांना सांगायचे, तर विष्ठेतले टोक्सोप्लाझ्मा संसर्ग करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजर असलेल्या घरातही ट्रे रोज साफ झाला, आणि तोही घरातल्या दुसऱ्या कोणीतरी केला, तर गरोदर बाईला धोका अगदी थोडा राहतो; कच्चे मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांबाबत मात्र तुमच्या सुनेने जपायला हवे. तुमच्या कुंड्यांविषयीची तक्रार योग्यच आहे आणि ती माझ्याच बाजूची आहे.

पोफळीताई, तुमच्या वाडीला शहराचा नियम लावण्याचा माझा आग्रह नाही. परंतु ‘मांजर म्हणून जगणे’ म्हणजे बाहेर जाणेच, हे मी मानत नाही. आमची थोरली सकाळी सातला खिडकीत बसून समोरच्या गुलमोहरावरच्या खारींकडे पाहून दात वाजवते, मग उन्हाचा चौकोन फरशीवर जसजसा सरकतो तसतशी स्वतः सरकत दुपारपर्यंत झोपते. तिला मी कैदी म्हणू शकत नाही.

पोफळी

तुमच्या घरातल्या मांजरांचे चांगलेच चालले आहे, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. माझ्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न उभा आहे. गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी मला पावसाळ्याचे चार महिने मुलाकडे ठाण्याला जायचे आहे. तो म्हणतो, ठमीलाही आण, सातव्या मजल्यावर छान राहील. चंडोल यांनी दारापाशी ओरडणाऱ्या मांजराचे जे लिहिले, ते वाचून मी ठरवले की तिला नेणार नाही. शेजारच्या वहिनी दोन वेळा मासे घालतील. वैलाची जागा तिची आहे, ती तिच्याकडेच राहू दे.

जाईजुई

मी तुमच्या जागी असते तर तिला नेले असते. आधी एकच खोली, तिच्या वासाची जुनी गोधडी, खिडकीला जाळी, आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर धरला तर नऊ वर्षांचे मांजरही रुळते. पण ठरवले आहेच तर एवढे मात्र जाण्याआधी पक्के करा: वहिनी मासे घालतील, पण दिवेलागणीला हाक मारून ती आत आल्यावर माजघराचे दार कोण लावणार?