बायपासनंतर वडिलांसाठी संगीतोपचार: कोणता राग, किती वेळ? (पुणे) मदत हवी आहे

मुग्धा_कोथरूड
नमस्कार. वडिलांची बायपास झाली, घरी आलेत. जखम भरतेय, रिपोर्ट चांगले आहेत, पण माणूस नुसता खिडकीशी बसून असतो. डॉक्टरांना विचारलं तर "गाणी ऐकवा, मन रमेल" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मोबाईलवर 'हृदयासाठी राग' अशी एक यादी मिळाली, ती सकाळ-संध्याकाळ तासभर लावते. थोड्याच वेळात "बंद कर गं ते" सुरू होतं.
कोणता राग लावायचा, किती वेळ, हेडफोन की स्पीकर? पुण्यात संगीतोपचार करणारं खात्रीचं कुणी आहे का? 'धीर धरा' छाप प्रतिसाद कृपया नकोत. सोमवारपासून माझं ऑफिस आहे, त्याआधी घडी बसवायची आहे.

तिरकीट
वय? बायपास कधी झाली? अटॅक येऊन की तपासणीत सापडलं म्हणून? गोळ्या कोणत्या? यादीत आहे काय? इथे कुणी कुडमुडे जोशी नाहीत हो.

मुग्धा_कोथरूड
वय ७१. अटॅक आला होता. ऑपरेशनला महिना होऊन गेला. गोळ्यांचा डबा भरलेला आहे, नावं घरी जाऊन बघते. यादीत दरबारी, मालकंस, तोडी, यमन, आणि मध्ये मध्ये पाण्याचा आवाज. पण प्रश्न रागाचा आहे, गोळ्यांचा नाही.

पेठेतला_एक
सकाळी दरबारी?! अहो, तो मध्यरात्रीचा राग. मीसुद्धा बंद कर म्हणालो असतो. सकाळी भैरव, उन्हं वर आली की तोडी, दिवेलागणीनंतर यमन. मालकंस रात्री उशिरा. मोबाईलवरच्या याद्या करणाऱ्यांना प्रहर ठाऊक नसतात, आणि त्यावर डॉक्टरकी!

स्वरसाधक
ताई, घाबरू नका. तोडीने बीपी उतरतं, मालकंसाने मन स्थिरावतं, हे मी स्वतः अनुभवलंय. फक्त ट्रॅकची पट्टी ४३२ हर्ट्झची (सेकंदाला ४३२ कंपनं) हवी. नेहमीची ४४० ची असते, ती हृदयाला त्रासदायक. रोज ४५ मिनिटं, उत्तरेकडे डोकं न करता. माझ्याकडे फाइल्स आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शंकासुर
झालं सुरू. आपल्याकडे गायक आपापल्या गळ्याप्रमाणे षड्ज (सा) धरतो. काळी एक, पांढरी चार, जो झेपेल तो. मग सगळ्या मैफिलीच त्रासदायक म्हणायच्या.
मुग्धाताई, अमुक रागाने अमुक आजार बरा होतो याला धड पुरावा नाही. संगीताचा हृदयाच्या रुग्णांना काहीच उपयोग नाही, असंही नाही. २०१३ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणारी संस्था) आढावा घेतला होता, २६ प्रयोग आणि १३६९ रुग्ण. ऐकल्याने चिंता काहीशी कमी होते, विशेषतः अटॅक येऊन गेलेल्यांची, आणि त्यातही गाणं त्यांना स्वतःला निवडू दिलं तर. बीपी, नाडी यांवरचा परिणाम लहान. प्रयोगांचा दर्जा फार चांगला नाही, हेही त्यांनीच म्हटलंय.

स्वरसाधक
हजारो वर्षांच्या परंपरेला तुमच्या आढाव्याची गरज नाही.

शंकासुर
परंपरा ४३२ हर्ट्झ मोजायची कशाने?

निशाचर
इटलीत बर्नार्डी म्हणून संशोधक आहेत, त्यांचा २००६ चा अभ्यास मजेशीर आहे. २४ माणसं, निम्मे संगीतकार, सगळे धडधाकट. संगीताच्या सहा प्रकारांत आपला रागही होता. परिणाम प्रकारापेक्षा लयीचा जास्त. द्रुत (जलद) लयीत श्वास, नाडी, बीपी वाढले. आणि मध्ये दोन मिनिटं संगीत थांबवलं, तेव्हा नाडी-बीपी सुरुवातीपेक्षाही खाली गेले! म्हणजे सलग तासभर लावून ठेवण्यात काही हशील नाही. विलंबित (संथ लयीतलं) थोडं ऐकवा आणि बंद करा.

मुग्धा_कोथरूड
बरं. आज तोडी लावली होती, तेव्हा मनगटावरच्या घड्याळात ठोके ५८ दिसले. ऑपरेशनआधी ८० च्या खाली कधी नसायचे. हे चांगलं की वाईट?

स्वरसाधक
बघा! मी काय म्हणत होतो.

तिरकीट
गोळ्यांची नावं सांगणार होतात.

मुग्धा_कोथरूड
मेटोप्रोलॉल, ॲटोर्वास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि आणखी तीन.

शंकासुर
मेटोप्रोलॉलचं कामच नाडी मंद ठेवण्याचं. तोडीचा सत्कार जरा थांबवा. विश्रांतीत ५८ या गोळीवर चालतं. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा आकडा ५० च्या खाली रेंगाळत असेल तर डॉक्टरांना फोन. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

लक्ष्मीरोडवाला
बाहेरचा आवाज बंद करणारे मोठे हेडफोन घ्या. गणपतीत आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात, त्या डीजेंवर आधी कुणी तरी...

वाळवंट
हेडफोन घेण्याआधी: पेसमेकर आहे का? हेडफोनमध्ये चुंबक असतं. कानावर चालतं, पण वापरून झाल्यावर गळ्यात अडकवून छातीवर सोडायचे किंवा वरच्या खिशात ठेवायचे नाहीत, यंत्रापासून वीतभर लांब ठेवायचे.

मुग्धा_कोथरूड
पेसमेकर नाहीये!! बायपास म्हटलंय.

वाळवंट
दुसरा कुणी वाचत असेल त्याच्यासाठी लिहिलं.

अनुताई
मी कार्डियाक रिहॅबमध्ये (हृदयरुग्णांना पुन्हा हिंडतं-फिरतं करणारा विभाग) फिजिओ होते, आता निवृत्त. एक साधी गोष्ट कुणीच विचारली नाही. बाबा आजारपणाआधी काय ऐकायचे?

मुग्धा_कोथरूड
ऐकायचे असं काही नाही. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि गातात. मी लहान असल्यापासून दर गुरुवारी. पण आता गाणं शक्य नाही, म्हणून तर ऐकण्याबद्दल विचारतेय.

तिरकीट
हे आत्ता सांगताय?

पेठेतला_एक
गाणाऱ्या माणसाला पाण्याचे आवाज ऐकवताय. धन्य.

अनुताई
ओरडू नका त्यांच्यावर. मुग्धा, नीट वाच. बायपासला छातीचं मधलं हाड उभं कापून तारेने बांधतात. ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी बारा. तोवर पेटी उचलणं अजिबात नाही. भाता मारतानाही छातीला ओढ बसते, त्यामुळे वाजवणं सर्जनला विचारून. पण हलक्या आवाजात गुणगुणायला, खुर्चीत बसून सोपा अभंग म्हणायला बहुतेकांना हरकत नसते. हॉस्पिटलने तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं असेल ना, श्वास ओढून चेंडू वर धरायचे? तो व्यायाम आणि लांब श्वासाने गाणं यांत फार अंतर नाही. दम लागला किंवा छातीत कटकट वाजलं तर लगेच थांबायचं. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. पायातली शीर काढली असेल तर मांडी घालून बसणं सध्या नको, सूज वाढते.

मुग्धा_कोथरूड
ते यंत्र फ्रीजवर पडलंय. हातात दिलं की "उद्या करू" म्हणतात. डाव्या पायाची शीर काढलीय.

अनुताई
झोप कशी आहे? जेवतात? मित्रांचे फोन घेतात?

मुग्धा_कोथरूड
पहाटे तीनला जागे असतात. फोन माझ्याकडे देतात, "झोपलेत म्हणून सांग". परवा बातम्या बघताना डोळ्यांतून पाणी आलं, बातमी कसली तरी रस्त्याच्या कामाची होती.

अनुताई
मग हे सर्जनला याच शब्दांत सांग. अटॅकनंतर साधारण पाचात एकाला खरोखरचं नैराश्य येतं, आणि त्याचा हृदयाच्या पुढच्या तब्येतीवरही परिणाम होतो. त्यावर इलाज आहे. "मन रमेल" एवढ्यावर सोडायची गोष्ट नाही. गाणं सोबतीला असू दे, इलाजाच्या जागी नको. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलतात. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

स्वरसाधक
गोळ्या सुरू केल्या की सुटत नाहीत, त्यापेक्षा ओंकार...

निशाचर
ओंकार करू द्या की, कोण नाही म्हणतंय? बर्नार्डींचाच २००१ चा अभ्यास आहे: लॅटिन जपमाळ आणि बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहावर आला आणि बीपी सांभाळणारी शरीराची यंत्रणा सुधारली. पण गोळ्यांबद्दल असली विधानं इथे टाकू नका.

सदाशिव३०
डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला न्या त्यांना, मुकुंदनगरला. खुर्चीचं तिकीट काढा, भारतीय बैठक नको. पार्किंगला मात्र लवकर पोहोचा, मागच्या वेळी मी...

मुग्धा_कोथरूड
सदाशिव३०, मला सोमवारचं बघायचंय, डिसेंबरचं नाही.
अनुताई, शनिवारी सर्जनची अपॉइंटमेंट आहे, झोपेचं आणि रडण्याचं लिहून नेते. संगीतोपचार करणारं कुणी खात्रीचं अजूनही कुणी सांगितलेलं नाही. गुरुवारी मंडळातल्या दोघा-तिघांना घरीच बोलावू का? पखवाज आणतो म्हणाले तर?

अनुताई
बोलाव, पण आधी बाबांना विचार. पखवाज पुढच्या खेपेला. टाळ आणि एखादा गाणारा पुरे. पेटी त्यांच्यासमोर उघडून ठेवायची नाही, हात आपोआप भात्याकडे जातो. सर्दी-खोकला असलेल्याने यायचं नाही. अर्धा तास, मग चहा, मग घरी. आणि येणाऱ्या प्रत्येकाला जिन्यातच सांगून ठेव: "काय झालं होतं हो नेमकं" हे विचारायचं नाही. महिनाभर ते तीच हकिगत सांगत असतील.