झातोपेक: पळाला जोरात, पण वाकला किती?

पायपीट: चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झातोपेक याचं कौतुक चाललंय म्हणून हा धागा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं. मान्य. बाटाच्या (हो, आपल्या शाळेच्या बुटांच्याच) झ्लिनमधल्या कारखान्यातला पोरगा, पुढे चेकोस्लोव्हाक सैन्यात अधिकारी. पण जून १९५०ला तिथल्या कम्युनिस्ट राजवटीत मिलादा होराकोव्हा या विरोधी नेत्या बाईंना बनावट खटल्यात फाशी झाली, तेव्हा त्या शिक्षेची पाठराखण करणारं निवेदन याच्या नावानं पेपरात आलं. खाल्ल्या मिठाला जागला, दुसरं काय!

धापा: नावानं छापलं म्हणजे त्यानंच लिहिलं? हुकूमशाहीत सही विचारून घेतात होय? आणि हेलसिंकीचंच घ्या. वडील राजकीय कैदी म्हणून युंगविर्थ या धावपटूला संघातून वगळलं. हा म्हणाला, तो नाही तर मीही नाही. बाकीचा संघ विमानानं गेला, हा खरंच मागे राहिला. शेवटी दोघांनाही पाठवावं लागलं.

पायपीट: १९४८च्या लंडन ऑलिम्पिकचं सुवर्ण गाठीशी होतं, म्हणून खपलं. साध्या शिपायानं करून बघावं.

धापा: मग १९६८? सुधारणांच्या जाहीरनाम्यावर सही केली, रशियन रणगाडे आले तेव्हा प्रागच्या भर चौकात त्यांच्याविरुद्ध बोलला. वर्दी गेली, पक्षातून हकालपट्टी. कर्नलसाहेब भूगर्भ तपासायला जमिनीत भोकं पाडणाऱ्या कामगारांच्या टोळीबरोबर रानोमाळ, मुक्काम चाकांवरच्या खोपटात. बायको दाना, भालाफेकीतली सुवर्णविजेती, तिकडे प्रागला.

पायपीट: आणि १९७१ला जाहीरपणे शब्द मागे घेतले, ते गाळलंत.

मधलीआळी: आणीबाणीत आमचे मामा सरकारी नोकरीत. वीस कलमी कार्यक्रमाचे फलक त्यांनीच रंगवले, अक्षर छान होतं ना. रात्री दार लावून शिव्या. त्यांना काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

पायपीट: मामांच्या फलकामुळे कुणी फासावर गेलं नाही.

धापा: होराकोव्हाचा निकाल आधीच ठरला होता हो. आणि माणूस कसा होता बघा: १९६६ला ऑस्ट्रेलियाचा धावपटू रॉन क्लार्क प्रागला आला होता. विक्रम ढीगभर, ऑलिम्पिक सुवर्ण एकही नाही. निघताना झातोपेकनं हातात पुडकं दिलं. नंतर उघडलं तर आत १९५२चं १०,००० मीटरचं पदक!

पायपीट: भला माणूस होता, नाही कोण म्हणतंय. मी १९५०चं विचारतोय.

धापा: १९५०चं नाही उत्तर माझ्याकडे.