जाळरेषा बंद नको, वेळ बदला

एकांनी लिहिलंय की टेकडीवर जाळरेषा काढणंच, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवणं, बंद करा, धुरानं म्हाताऱ्यांचा दमा उठतो. उठतो हे खरंय. कोथरूडला आमच्या आईच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांना फेब्रुवारीत जळक्या गवताचा वास येतो, इनहेलर कायम उशाशी. पण पट्टा आधी जाळला नाही तर एप्रिलात विडीच्या एका थोटकानं अख्खा उतार पेटतो, त्या धुराला कोण आवरणार?

खरी गोम वेळेत आहे. थंडीत पहाटे जमिनीलगत गार हवा, वर उबदार थर. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा धूर खालीच तुंबतो. ऊन चढलं की झाकण उघडतं. तेव्हा पेटवा, वारा वस्तीकडे नसताना, आणि संध्याकाळच्या आत निखारे पाणी मारून विझवा. रात्रभर धुमसणारं एखादं खोडच जास्त छळतं. दवानं ओलं गवतही नको, नुसता धूर.

आदल्या दिवशी सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज आला तर खिडक्या तरी लावून घेता येतील. आणि रुमाल बांधून फिरायला जाणाऱ्यांनो, धुरातले २.५ मायक्रॉनचे बारीक कण रुमालाला जुमानत नाहीत. एन-९५ मास्क लावा, नाहीतर त्या दिवशी घरीच चहा प्या.