१९ वर्षांनी नोकरी सोडली, आता ओळखीतून काम कसं मागायचं?

खरेदीवाला:
एकाच कंपनीच्या खरेदी विभागात १९ वर्षं काढली. पंप बनवणारा कारखाना. कास्टिंग, बेअरिंग, सील, सगळं माझ्या हातून यायचं. मार्चमध्ये विभाग दुसऱ्या गावी हलवला. घर सोडून जाणं शक्य नव्हतं, म्हणून राजीनामा दिला. तेव्हापासून पोर्टलवर ६४ अर्ज केले. फोन आले दोन, आणि दोन्ही ठिकाणी जुना पगार ऐकल्यावर विषय संपला.

सगळे म्हणतात, ओळखीतून बघ. पण मोबाइल नंबर कंपनीचा होता, शेवटच्या दिवशी सिमकार्डासकट परत केला. ईमेलही गेला. उरली आहे ती व्हिजिटिंग कार्डांची एक चवड, रबर लावलेली. त्यातल्या निम्म्या लोकांशी मी वर्षानुवर्षं भावावरून घासाघीस केली आहे. बिल अडकलं की ते मला फोन करायचे. आता मी त्यांना फोन करून काम मागू? तीन जुन्या सहकाऱ्यांशी बोललो, तिघंही मनापासून 'बघतो' म्हणाले. पुढे काहीच नाही. नेमकं बोलायचं काय? फोन हातात घेतो आणि ठेवून देतो.

भरतीतली:
तुमच्या सहकाऱ्यांनी टाळलं असं मला वाटत नाही. 'काही असेल तर सांग' एवढ्यावर समोरचा माणूस करणार काय? त्याला नेमकं काहीतरी द्या. कुठलं पद, कशा प्रकारचे कारखाने, आणि जमलं तर थेट विचारा, 'अमुक कंपनीच्या खरेदी विभागात तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?' सोबत चार ओळी अशा पाठवा, की त्या त्याला जशाच्या तशा पुढे धाडता येतील: १९ वर्षं खरेदी, कास्टिंग आणि मशिनिंगचे पुरवठादार उभे केले, दर आणि गुणवत्ता दोन्ही सांभाळलं, लगेच रुजू होऊ शकतो. त्याला स्वतः काही लिहावं लागलं, तर ते उद्यावर जातं आणि राहून जातं.

आणखी एक, हे फार जणांना माहीत नसतं. बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्याने केलेली शिफारस सिस्टिममध्ये आधी नोंदवावी लागते. तुम्ही स्वतःच पोर्टलवरून अर्ज करून बसलात, तर पुष्कळदा ती शिफारस धरत नाहीत. म्हणून आधी आत कोणी आहे का ते शोधा, अर्ज मग. आणि संकोच करू नका. तुमची निवड झाली तर शिफारस करणाऱ्याला अनेक ठिकाणी बक्षिसाची रक्कमही मिळते.

सोळा_वर्षांनंतर:
मीही १६ वर्षांनी बाहेर पडले. सुरुवातीला फक्त जवळच्यांना विचारत राहिले. नंतर कळलं, त्यांना तेच माहीत असतं जे मला माहीत आहे. आम्ही सगळे एकाच इमारतीतले. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच आकड्यांत मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून ती कळलेले साधारण १७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेले जवळपास ५६ टक्के, आणि बाकीच्यांची तर त्या माणसाशी क्वचितच गाठ पडायची. मला काम सांगितलं ते वर्षातून दोनदा ऑडिटला येणाऱ्या बाईंनी. माझं नाव त्यांना नीट आठवत नव्हतं, पण 'फायली तयार ठेवणारी ती तुम्हीच ना?' म्हणाल्या.

पुरवठादार:
मी तुमच्या त्या कार्डांतलाच माणूस आहे असं समजा. घासाघीस केल्याचा राग आम्ही धरत नाही, ते तुमचं कामच आहे. आमच्या लक्षात राहतं ते हे, की बिल का अडकलं हे कोण खरं सांगायचा आणि कोण फोनच उचलायचा नाही. मी वीस कारखान्यांना माल देतो. कुठल्या खरेदी विभागात माणूस कमी पडलाय हे मला जाहिरात निघायच्या आधी कळतं, कारण ऑर्डर उशिरा येऊ लागतात आणि एकच चूक दोनदा होते. मला विचारायला तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही. फक्त जुन्या कंपनीचे दर आणि पुरवठादारांच्या याद्या कुणाला दाखवू नका. जो त्या दाखवतो त्याला मी कधीच कुठे सुचवणार नाही.

खरेदीवाला:
काल पाच फोन केले. दोघांनी उचलले नाहीत. एका कास्टिंगवाल्यांचा लॉट मी दोनदा परत पाठवला होता, त्यांनाच फोन करताना हात थरथरत होता. ते म्हणाले, 'तुम्ही माल परत पाठवायचात, पण सोबत फोटो आणि माप पाठवायचात. बाकीचे नुसतं रिजेक्ट लिहितात.' त्यांनी दोन नंबर दिले आणि एकाला लगेच फोन लावला. गुरुवारी भेट आहे. जागा आहे असं कोणी म्हटलेलं नाही, नुसतं या, बोलू. बायोडेटा सोबत नेऊ का?

भरतीतली:
न्या, पण बॅगेतच राहू द्या. आधी त्यांच्या खरेदीत काय अडतंय ते विचारा. आणि भेट झाली की त्याच संध्याकाळी कास्टिंगवाल्यांना फोन करून काय झालं ते सांगा.